द्यामव्वेचा फोटो मीच नेला होता

समारंभाचे अध्यक्ष, आमचे नगराध्यक्ष शंकरगौडा अण्णा, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती, नवे मंत्री विरुपाक्षप्पा साहेब, आणि हिरेबागिलूच्या अक्का-अण्णांनो,

माझं सगळं बदललं ते गेल्या जुलैत, सकाळी दहा वाजता, साहेबांच्या देवघराच्या उंबऱ्यावर.

साहेब उद्या बंगळुरूला राहायला चालले. तरुणांच्या वतीने निरोपाचे दोन शब्द मी बोलायचे आहेत. साहेबांमागे फिरायला मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. तेव्हा जमेल तसं ऐकून घ्या.

जुलैत साहेब रिसॉर्टवर होते. बारा आमदार, मोबाइल काढून घेतलेले. कुणाचा कुणावर भरवसा नाही, म्हणून ठरलं की प्रत्येकानं आपापल्या गावदेवाची आण घ्यायची. साहेब मला म्हणाले, "तम्मा, घरून आपल्या गावदेवीचा, द्यामव्वेचा फोटो आण. पूजेला हवाय म्हणून सांग."

साहेबांची मुलगी सुवर्णा तिसऱ्या रांगेत बसली आहे. होय, मला ती आवडते. हसू नका, साऱ्या गावाला ठाऊक आहे. अध्यक्षांना नसेल तर आता झालं.

त्या सकाळी देवघरात तिनं विचारलं, "कशाला रे? पक्ष सोडणार नाही अशी आण आप्पांनी हिच्यासमोरच घेतलीय ना?"

"त्या आणेचीच आठवण राहावी म्हणून मागवलाय," मी म्हणालो.

तिनं ओढणीनं काच पुसली. "तू म्हणतोस म्हणून देते."

रिसॉर्टच्या टेबलावर बारा गावांचे बारा देव ओळीनं मांडले. कुणीतरी म्हणालं, "यांचेही मोबाइल काढून घेतले का रे?" सगळे हसले, मीही हसलो. मग साहेबांनी द्यामव्वेवर हात ठेवला आणि पक्ष सोडला. सरकार पडलं. आयुष्यातलं माझं पहिलं मत त्याच सरकारला होतं. कुठे गेलं ते? कुणाला विचारायचं?

साहेब, डोळे वटारू नका, संपवतोच.

आठ महिने सुवर्णा एकच विचारते, "तुला ठाऊक होतं?" आठ महिने मी नाही म्हणतोय.

सुवर्णा, ठाऊक होतं. सगळं.

अध्यक्ष आता जाहीर करणार आहेत की मी मंत्र्यांचा सहायक झालो. अण्णा, तो कागद फाडा.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. फक्त फोटोचं तेवढं घालू नका. कुणी मागे येऊ नका. तूही नको, सुवर्णा. बाहेर बँडवाले वाजवायला टपलेत, तुमच्या पुढच्या भाषणांना त्रास नको. जाताना दार मी लावून घेतो.