‘या’ म्हणायची रीत

बिदर स्टँडवर बेंगलोरच्या तिकिटासाठी माझ्यापुढं एक नवराबायको ट्रंक घेऊन उभी होती.

“गाव सोडताना किती जनाला ‘या’ म्हनलीस?”

“सगळ्यायला. निघताना म्हनावंच लागतंय की.”

“तिथं निम्मा पगार भाड्यात जायलाय. घरमालक पाहुन्याच्या पान्याच्या घागरीचे बी पैसे लावतोय. कामून म्हनलीस?”

“शेजारची राजूबाई इतक्या लांब थोडीच येती?”

“आन् अप्पाला?”

“म्हनलं.”

“म्हंजे माझ्या बापाला?”

“व्हय. त्यायनी इचारलं, ‘रीत म्हनून म्हनायलीस, का माझ्या लेकानं सांगितलंय?’”

“मग? काय सांगितलीस?”

“तुमचंच नाव सांगितलं. लगेच कोरं धोतर काढून ठेवलं त्यायनी.”