हातानं आवळलेला नट

आमचे बाबा वर्ध्याकडचे, रेल्वेत खलाशी होऊन इकडे रायपूरले आले अन् गुढियारीतच राहिले. माहा जन्म इथलाच, म्हणून माही मराठी अशी, अर्धी घरची अन् अर्धी गल्लीतली, तुम्ही हसू नका ताई, जसं बोलून राहिलो तसंच लिहा. शाळा आठवीपर्यंत. बाबा म्हणत रेल्वेत चिकटवून देतो, पण मले लोखंडाचा नाद. पत्र्यावर हातोडी पडली की आवाजावरून कळते पत्रा कुठं पातळ झाला, हे मले कोणी शिकवलं नाही, खरंच. भनपुरीत उस्तादच्या हाताखाली ट्रकच्या केबिना ठोकता ठोकता वीस वर्षं गेली, मग स्वतःचं गॅरेज झालं, डेंटिंगचं, वर टिनाचा शेड अन् समोर निंबाचं झाड.

मग राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, अन् काय सांगू तुम्हाले, जसे सगळेच साहेब झाले. ज्याच्याजवळ स्कूटर त्याले कार पाहिजे, अन् ज्याच्याजवळ कार त्याले आता जुनी कार पाहिजे, जुनी म्हणजे शौकाची. आमचे भैयाजी तसेच. राइस मिलवाले, नाव नाही सांगत, माणूस चांगला, शौकीन. त्यायनं कलकत्त्याहून एक विलायती स्पोर्ट्स कार आणली, लाल, दोनच सीटची, अन् इतकी बुटकी की माझ्याकडे आलेला एक ट्रकवाला आपल्या ट्रकच्या हौद्याकडे बोट करून म्हणे, भैयाजी, इसको तो मैं अपने डाले में रख के घर छोड़ दूँ. भैयाजी म्हणे, छोड़ दे, पर पहले अपना डाला धो ले. असे होते ते.

त्या गाडीची डिक्की उघडली की अर्ध्या जागेत स्टेपनी आडवी झोपलेली, अन् तिच्या बाजूले लाकडाचा एक ट्रे. त्यात हिरवं मखमल, अन् प्रत्येक पान्याच्या आकाराची खोबण, ज्याची जागा त्यालेच. एक पाना नसला तर ती खोबण रिकामी दिसे, लगेच कळे. माहा जन्म पान्यायले डब्यात फेकण्यात गेला, मी तर तो ट्रे पाहतच राहिलो. भैयाजीकडे फोटोंचं एक जाड पुस्तक होतं, ते माझ्या बाजूले पाटावर बसून मले दाखवत. त्याच कंपनीची सगळ्यात जुनी गाडी, तिचं स्टेपनीचं चाक बाहेर, मागे पट्ट्यानं बांधलेलं. मग ते डिक्कीत गेलं, म्हणजे आपली गाडी. मग नंतरच्या गाडीत सीटच्या मागे उभं झालं. अन् औजारं पहिले ट्रेमध्ये, मग कापडाच्या गुंडाळीत, अन् शेवटच्या गाडीत तर एक जॅक अन् एक हँडल, बस. भैयाजी म्हणे, देखो मिस्त्री, चक्का घूमता रहा और औजार घटते गए.

आता झालं असं, की त्यायले भाभीजीसोबत नागपूरले जाचं होतं, तिथं जुन्या गाड्यांवाले जमणार होते, अन् डिक्कीत दोन ब्यागा मावत नव्हत्या. म्हणे, ये पीछे वाली फोटो जैसा कर दो, चक्का सीट के पीछे. मी म्हटलं भैयाजी, त्या गाडीत कंपनीनं खाली जाड प्लेट दिली असंन, आपला पत्रा पातळ आहे. म्हणे, तू किसलिए है? हे ऐकलं की मिस्त्रीचं डोकं फिरते ताई, हे तुम्ही लिहून ठेवा.

दहा दिवस लागले. खालून प्लेट मारली, अँगलची चौकट केली, मधात जाड बोल्ट, त्यावर चाक उभं, अन् वरून एक मोठा नट. तो नट लांब दांडीच्या पान्यानं पूर्ण आवळाचा अन् त्याच्यावर दुसरा नट चढवाचा, म्हणजे पहिला हलत नाही. औजारांसाठी आमच्या सुमननं, म्हणजे माझ्या मिसेसनं, मशीनवर कॅनव्हासची गुंडाळी शिवून दिली, खिशे खिशे करून. ती ड्रायव्हर सीटच्या मागे राहणार. ट्रे मी भिंतीवर टांगून ठेवला.

अन् त्यात विश्वकर्मा पूजा आली. तुम्हाले माहीत असंन, त्या दिवशी आम्ही औजाराले हात लावत नाही. सकाळीच सगळं घासलेटनं धुवाचं, लाल कपड्यावर मांडाचं, टिळा लावाचा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठवेपर्यंत ते देवाचं. आमच्या उस्तादनं एका मिस्त्रीले त्या दिवशी नुसता पेचकस उचलला म्हणून गॅरेजातून काढलं होतं. ते डोक्यात पक्कं बसलेलं. मी सकाळी लवकर जाऊन चाक चौकटीवर चढवलं, नट हातानं आवळला, अन् म्हटलं बाकी उद्या. सुमननं शिवलेली गुंडाळी इतकी सुंदर दिसून राहिली होती की गाडीचे पानेबी मी पूजेत मांडले. म्हणजे गाडीत एकबी पाना नाही. सगळे देवासमोर.

दुपारी भैयाजी प्रसादाले आले, भाभीजी सोबत. भाभीजींनी गाडी पाहिली अन् म्हणे, अरे वाह मिस्त्री जी, ये तो ऐसा लग रहा है जैसे शुरू से यहीं था. दहा लोक उभे होते. माझी छाती अशी फुगली. भैयाजी म्हणे, ये अभी तक इसमें बैठी नहीं है, बस पंडरी तक एक चक्कर, अभी आए. मी म्हटलं, भैयाजी, कल ले जाते तो अच्छा रहता. एवढंच म्हटलं. नट बाकी आहे असं नाही म्हटलं. काहून नाही म्हटलं? म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, तो कस दे. अन् पाना देवासमोर. अन् भाभीजी तर आत्ताच वाहवा करून राहिल्या होत्या. मनात म्हटलं, पंडरी किती दूर, गावातलाच तर बाजार.

राजधानीचे रस्ते तेव्हा सगळे खोदून ठेवलेले. गाडी तशी कडक, दणके खात गेली असंन. परत येताना समोर ऑटो थांबला, भैयाजींनी ब्रेक मारला, अन् चाक चौकटीतून सुटून दोन सीटच्या मधून आलं. भाभीजींच्या उजव्या खांद्यावर.

जीव वाचला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही, आजबी नाही. स्वतःची वेणी स्वतः घालता येत नाही त्यायले. मी दवाखान्यात गेलो तर भैयाजी येईल त्याले सांगून राहिले होते, मैंने ब्रेक ज़ोर से मारा, मेरी गलती है. मी सफरचंदाची थैली घेऊन उभा. अन् गाडी गॅरेजात आली तेव्हा नट सीटखाली पडलेला सापडला, आटे एकदम चांगले, काही तुटलं नव्हतं, नुसता फिरून फिरून निघाला होता. कोणी पाहिलं नाही. मी तो खिशात टाकला.

भैयाजींनी त्यानंतर स्टेअरिंगले हात नाही लावला. बारा वर्षं, ताई. मिललेबी ड्रायव्हर घेऊन जात. रस्त्यात दिसले की मी नमस्कार करू, ते काच खाली करून विचारत, मिस्त्री, ठीक हो? अन् मले वाटे, आता सांगू, आता सांगू. घरी सुमनलेबी सांगितलं नाही.

मग एक दिवस भाभीजी आल्या. म्हणे गाडी विकून राहिलो, घेणाऱ्याले ती जशी होती तशी पाहिजे, चक्का डिक्की में, और वो लकड़ी की ट्रे, है क्या? ट्रे भिंतीवरच होता. मी काढला, धूळ पुसली, त्यायच्यासमोर ठेवला. त्यायनं डाव्या हातानं त्या हिरव्या खोबणींवरून बोट फिरवलं, अन् माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. पूजा, पाना, नट, खिसा, सगळं. त्या स्टुलावर बसून होत्या. मग म्हणे, मुझे क्यों बता रहे हो? हाथ तो मेरा गया, पर मैं रात को सो जाती हूँ. उनको बताओ.

त्याच संध्याकाळी गेलो. भैयाजी व्हरांड्यात बसले होते, पाय सुजलेले, शुगर झाली होती. मी उभ्यानंच सांगितलं. ऐकून घेतलं त्यायनं. मग म्हणे, तूने कहा था, कल ले जाना. मी म्हटलं हव, पण काहून ते नाही सांगितलं. म्हणे, मैं समझा तू पूजा के लिए बोल रहा है. अन् मग माझ्याकडे न पाहता म्हणे, बारह साल, मिस्त्री. बस एवढंच. बसायले म्हटलं नाही, जा बी म्हटलं नाही. मी आपलाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाडी सोडून गेला. मी चौकट कापली, प्लेट काढली, स्टेपनी डिक्कीत झोपवली, ट्रेमध्ये एकेक पाना ज्याच्या त्याच्या जागी ठेवला. एकबी खोबण रिकामी नव्हती. नट मात्र माझ्याजवळच राहिला, तो त्या गाडीचा नव्हताच, माहा होता.

भैयाजी आता रस्त्यात दिसले तर काच खाली होत नाही. पण भाभीजी सांगत होत्या, एकदा ड्रायव्हर आला नाही तर ते स्वतःच गाडी काढून त्यायले पंडरीले घेऊन गेले, सावकाश, सायकलवाले पुढं जात होते म्हणे. मले तेवढं पुरे आहे. त्यायनं माझ्याशी बोलावं असं मी देवाले मागत नाही.

पूजा आजबी करतो. सगळं धुतो, मांडतो, टिळा लावतो. फक्त एक पाना, मोठा, लांब दांडीचा, तो मांडत नाही, तो त्या दिवशी माझ्या कमरेले राहते. सुमन दरवर्षी म्हणे, अहो, सगळे ठेवले, हा एक काहून नाही ठेवत, देव काय म्हणेल? मी म्हणू, देवाले मी सांगून दिलं आहे. तिलेबी मागच्या वर्षी सांगितलं. ऐकलं, अन् पुसायचं फडकं आणून दिलं, म्हणे, मग निदान पुसून तर घ्या.