दुबईवाल्याचा घोडा

गेममधल्या अदलाबदलीवर माझा विश्वास कसा बसला, ते ऐका. जव्हारच्या सायबर कॅफेत बसून मी अख्खा पावसाळा खपून मिळवलेली तलवार देत होतो आणि एका अनोळखी खेळाडूचा घोडा घेत होतो. तो म्हणे दुबईचा. मी होकाराचं बटण दाबलं आणि लाईट गेली.

"मेलो, तलवार गेली," मी ओरडलो.

शेजारच्या केबिनच्या प्लायवूडपलीकडून आवाज आला, "माझा घोडापण गेला."

बघतो तर वर्गातला सलीम.

लाईट आल्यावर घाबरतच गेम उघडला. तलवार माझ्याकडेच होती, घोडा त्याच्याकडेच. दोघांचा होकार आल्याशिवाय काही हलतच नव्हतं. बाजारात बैल बदलतानाही दुसऱ्याचा कासरा हातात आल्याशिवाय आपला कोणी सोडत नाही, तसंच.

जीव भांड्यात पडल्यावर मी विचारलं, "सलीम, दुबईतही लोडशेडिंग असतं का रे?"