आबा सिरियस हायत

आमची नवी वहिनी पुण्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली, तुमाला म्हाईतच हाय. परवा मी कुपवाडला कामावर असताना तिचा फोन आला.

"भाऊजी, आबा खूप सिरियस आहेत. लगेच या!"

मी हातातलं काम टाकून निघालो. वडलांचं असं ऐकून आत्याला कळवलं, आत्यानं गावाला. पोचलो तर अंगणात ही गर्दी! आत्या हंबरडा फोडत हुती.

"कुठल्या दवाखान्यात न्यायचं?" मी वहिनीला विचारलं.

"दवाखाना कशाला? सरपंचपदाला उभं राहायचं म्हणताहेत. सिरियस म्हणजे अगदी मनापासून!"

तेवढ्यात आबा अंघोळ उरकून बाहेर आले. गर्दी बघून त्यांनी हात जोडले.

"बघ रं! फॉर्म भरायच्या आधीच एवढी माणसं! आता माघार न्हाई."