पाडायची घेतली, फोडायची राहिली

...तर अडकली. पुन्हा अडकली कुऱ्हाड, तुम्हाला सांगतो! ओंडक्याच्या मधोमध चार बोटं आत, आणि आता मागेही येईना, पुढेही जाईना. मी एक पाय ओंडक्यावर ठेवून दांडा हलवतोय, कंबर कुरकुरतेय, आणि बायको खिडकीतून काय म्हणते? "आंघोळीला पाणी आज मिळणार की उद्या?" अगं बाई, लाकूड फुटेल तेव्हा चूल पेटेल, चूल पेटेल तेव्हा पाणी तापेल... पण बोलायचं कोणत्या तोंडाने? कुऱ्हाड निवडली कोणी? मीच.

त्याचं काय झालं, बाबा गेले. जन्मभर लाकूडतोडीच्या कामावर, त्यामुळे घरात कुऱ्हाडी दोन. वाटण्यांना मामा बसले मध्ये. मागची दोन उभी झाडं धाकट्या भावाला, तोडून ठेवलेले ओंडके मला, इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीने. मग मामा म्हणाले, "कुऱ्हाड थोरल्याने आधी उचलावी." आता एक पातळ, लांब दांड्याची, धार अशी की अंगठा लावायची भीती वाटावी. दुसरी जाडजूड, बोथट, पोट सुटलेल्या हेडमास्तरासारखी. मी कशावर हात टाकणार? तुम्ही कशावर टाकला असता? तेवढ्यात धाकटा हळूच म्हणतो, "दादा, ती नको घेऊस. ती झाडं पाडायची. फोडायला ही जाडी लागते, घाव बसला की लाकूड दोन्हीकडे सारते. तुझ्याकडे तर सगळे ओंडकेच आहेत."

सरळ बोलला हो. पण चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, अस्सं, झाडं याच्या वाट्याला आली म्हणून पाडायची कुऱ्हाडही यालाच हवी. आणि मामांच्या देखत, त्याच्या बायकोच्या देखत मी म्हणालो, "लबाडी करायची तर बाहेर कर, सख्ख्या भावाशी तरी करू नकोस." त्याने मान खाली घातली आणि उरलेली उचलली. नंतर तीन महिने एक शब्द नाही. भिंतीला भिंत लागून घर, त्याचं खोकणंसुद्धा ऐकू येतं मला, पण "काय रे, औषध घेतलंस का?" एवढं विचारायचीही सोय ठेवली नाही मी. निवडली कोणी? मीच.

म्हणून त्या दिवशी ती ओंडक्यातून कशीबशी सोडवली आणि तसाच निघालो, म्हटलं अदलाबदल करू. आता अक्कल बघा माझी... तीन महिन्यांचा अबोला, आणि मी त्याच्या दारात घामाघूम, हातात कुऱ्हाड! त्याच्या बायकोने दार उघडलं, मला पाहिलं, लावलं. कडी घातलेली ऐकली मी. मी बाहेरून सांगतोय, "अगं, मी समेटाला आलोय!" शेवटी धाकटा आला. म्हणाला, "मला झाडं पाडायचीच नाहीत. सावली आहे. राहू दे." तेही मला नाही, कुऱ्हाडीला सांगितलं.

आणि रविवारी सकाळी आमच्या अंगणात ठक्. हा आपली जाडी घेऊन हजर. ठक्, दोन तुकडे. ठक्, चार. आठवड्यापुरतं लाकूड फोडलं, "वहिनी, पाणी," म्हणाला, प्यायला, गेला. पुढच्या रविवारीही तेच. बायको म्हणाली, "भावजी, कुऱ्हाडच ठेवून जा ना." तर म्हणे, "ती माझ्या वाट्याची आहे." मी बाजूला फोडलेली लाकडं रचत असतो. चुकलो रे, एवढंच म्हणायचं असतं, पण मी आपला पुढचं लाकूड उचलतो. गेल्या रविवारी मात्र मध्ये आलो तर मला म्हणाला, "सरक." एवढंच. पण मला म्हणाला.

आता बायको मागे लागलीय, "दर आठवड्याला भावजींना त्रास कशाला? दुकानातून एक फोडायची कुऱ्हाड आणा." गेलो ना. चारदा गेलो. दुकानदार बिचारा काढून काढून थकला, "ही घ्या काका, डोळे मिटून फोडा." मी उचलतो, तोलतो, हिचा दांडा आखूड, तिचं पातं हलकं... ठेवून देतो. रिकाम्या हाताने घरी आलो की बायको विचारते, "का हो, आजही नाही?"

म्हटलं, मागच्या वेळी घाई केली. आता दोन-चार वर्षं नीट बघून घेतो.