दारापर्यंतची अमेरिका

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी, दातांच्या दवाखान्यात निवृत्त शिक्षिका शोभनामावशी नंबराची वाट बघत होत्या. शेजारचं जोडपं मराठीत बोलायला लागलं, तसं मावशींनी हातातलं मासिक तोंडापुढे धरलं.

"आपल्या लेखक घरमालकाचा साताऱ्याहून फोन होता. नव्या कादंबरीत अमेरिकन घरातलं जेवण हवंय म्हणे. इतकी वर्षं तिकडे राहून त्याला इथलं काही आठवत नाही."

"मग सांग की, परीक्षित. मागच्या कादंबरीला तूच सगळं पुरवलंस."

"म्हणून तर भीती वाटते. त्यात अख्खं शॉमबर्ग चपला दाराबाहेर काढतं."

"आणि शेजारीण डबा रिकामा परत करत नाही."

"पेपरवाले म्हणाले, अस्सल अमेरिका."

"मग झालं तर."

"प्रणिता, या वेळी जमलं नाही तर तो स्वतः बघायला परत येणार. घर सोडावं लागेल, यार. रुचाची शाळा इथे आहे."

"समोरच्या घरातल्या त्या अमेरिकन बेटीकडे जाऊन बसू. जेवायच्या वेळेला वाढेलच ना."

"असं इथे चालत नाही."

"कादंबरीत तर चालतं."

"कादंबरीत मीच चालवलंय."

मासिक हळूच खाली आलं.

"मावशी, तुम्ही मराठी ना? कधी अमेरिकन घरात जेवलात?" परीक्षितने विचारलं.

"नाही रे बाबा. मुलाकडे इतकी वर्षं राहते, पण शेजारणीच्या दारापर्यंतच गेलेय."

"चालेल. दार कसं होतं?"

मावशींनी पदराने चष्मा पुसला.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "आधी पायपुसणं."