ओटा असलेली गाडी

बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. त्यांची ढकलगाडी काठोकाठ भरली होती.

“अगं, राहायची गाडी भाड्याने घेतलीय, बिऱ्हाड नाही हलवत आपण! हा तवा कशाला?”

“गाडीतला तवा कोणी कसा घासलाय, देव जाणे.”

“आणि ही बादली? दोरी? चिमटे?”

“तुमचे आणि भाऊजींचे ओले टॉवेल कुठे वाळणार? स्टिअरिंगवर?”

“कमाल आहे तुझी! गाडीत ओटा आहे, सिंक आहे, फ्रिज आहे. खास तुझ्या सोयीची बघून घेतली मी.”

“ऐकलंय. शेजारच्या काकूंनाही ऐकवून झालंय.”

“मग जरा मोकळी हो की! सुट्टी आहे.”

“झाले ना. हे रबरी हातमोजे घालून बघा.”

“मी?”

“तुमच्या मापाचे आहेत. भाऊजींना सैल होतील, पण चालवून घेतील.”

“काहीतरीच तुझं. आणि उशा दोनच? तुझी विसरलीस बघ.”

“विसरले नाही. माझी घरी पलंगावर आहे, आणि मीही तिथेच असणार आहे. सरका पुढे, आपला नंबर आला.”